भीमथडीचं तट्टू, हुलग्याची चंदी आणि आपली शुगर

आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी बारामती सोडून इंदापूरकडे निघाली की वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होतं. अश्व धावतो, लोक त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. पण ज्या जमिनीवर हे रिंगण चाललेलं असतं, त्या जमिनीची स्वतःची एक घोड्याची जात आहे, हे त्या गर्दीतल्या किती जणांना माहीत असेल? २०२३ साली 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. शाळेतली मुलं तो रोज म्हणतात. तट्टू म्हणजे काय, असं विचारलं तर मात्र बहुतेक जण गप्प बसतात.

मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. त्यामुळे हा लेख वाचून कुणी घोड्यावर उपचार करायला जाऊ नये, त्यासाठी पशुवैद्यक आहेत. तरीही घोड्यावर लिहितोय, कारण ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी कानावर येणारं एक वाक्य: "डॉक्टर, आमचा आजा ताटात गुळाचा खडा घेतल्याशिवाय जेवला नाही. त्याला कधी शुगर झाली नाही. मग मलाच का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर इन्सुलिन, पेशी, रिसेप्टर अशा भाषेत दिलं की समोरचा मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. घोड्याच्या गोष्टीतून सांगितलं की लक्षात राहतं.

थडी म्हणजे नदीकाठ. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा, दक्षिणेकडून येऊन नीरा-नरसिंहपूरला तिला मिळणारी नीरा, आणि या दोन नद्यांमधला कोरडा, उघडा मुलूख म्हणजे आपला भाग. इंग्रजी अमदानीत भीमथडी नावाचा तालुकाच होता आणि बारामती त्यात मोडत असे. सतराव्या-अठराव्या शतकात इथल्या काटक स्थानिक तट्टांवर अरबी आणि तुर्की रक्ताचा संकर होत गेला आणि मराठी घोडदळाला हवं होतं तसं जनावर तयार झालं. उंचीने बेताचं, हाडापेराने मजबूत, कमी खाणारं, कमी पाण्यावर निभावणारं. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. पुढे पुणे आणि सुपे ही शहाजीराजांची जहागीर झाली. म्हणजे स्वराज्याच्या आधीपासून या मातीत घोडा आणि शिपाई यांचं नातं आहे.

आता घोड्याचं शरीर बघू. पहिली गंमत पायाची. घोडा एका बोटावर उभा असतो. आपल्या हाताचं मधलं बोट घ्या, बाकीची चार झिजून गेली असं समजा आणि त्या एका बोटाचं नख वाढून त्याचा जाड बूट झाला अशी कल्पना करा. तो बूट म्हणजे खूर. घोड्याच्या पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो तो खरं तर आपल्या मनगटाच्या जागचा सांधा आहे. मागच्या पायाचा उलटा वाकलेला सांधा म्हणजे आपला घोटा. एवढं सगळं वजन एका नखावर तोलायचं, तर नख आतल्या हाडाला घट्ट धरून ठेवायला हवं. त्यासाठी खुराच्या आत साडेपाचशे ते सहाशे उभे पापुद्रे असतात, पुस्तकाच्या पानांसारखे. हाडाकडचे पापुद्रे आणि नखाकडचे पापुद्रे एकमेकांत गुंतलेले असतात. घोडा अक्षरशः त्या पापुद्र्यांना टांगलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट प्लीहेची, म्हणजे पाणथरीची. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ पडते. चौखूर उधळला की तीच २२० पर्यंत जाते. त्याच वेळी पाणथरी आकसते आणि आत साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. रक्तातलं पेशींचं प्रमाण ३५-४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या वर चढतं. खेळाडू चोरून रक्त चढवून घेतात त्याला आपण डोपिंग म्हणतो. घोड्याला ते निसर्गानेच दिलंय.

पण घोड्याचा खरा नाजूक भाग पोट. एवढ्या मोठ्या जनावराची जठराची पिशवी जेमतेम ८ ते १५ लिटरची. अन्ननलिका जठराला मिळते तिथला झडपेसारखा स्नायू इतका घट्ट, की घोड्याला उलटी जवळपास होतच नाही. खाल्लेलं नको झालं तर परत काढायची सोय नाही. पित्ताशयही नाही, कारण घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरतच असतो, मग पित्त साठवायचं कशाला? चाऱ्याचं खरं पचन होतं ते मागच्या मोठ्या आतड्यात. तिथे कोट्यवधी जिवाणू गवताचा चोथा आंबवून त्यातून ताकद काढतात. गाय-बैल आधी आंबवतात आणि मग पचवतात, घोड्याचं उलट आहे. त्यामुळे धान्य जास्त झालं, की लहान आतड्यात न पचलेला पिठूळ भाग तसाच पुढे जातो, मागे आम्ल तयार होतं, वायू धरतो आणि पोटशूळ उठतो. पोटशूळ हे आजही घोड्यांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे.

जुन्या पागेतल्या लोकांना जिवाणू माहीत नव्हते, पण पोटाचा हा स्वभाव त्यांना पक्का ठाऊक होता. घोड्याला रोज ठरवून दिलेल्या दाण्याला चंदी म्हणत. ती चामड्याच्या किंवा गोणपाटाच्या पिशवीत घालून तोंडाला बांधत. ती पिशवी म्हणजे तोबरा. (पान खाऊन गाल फुगलेल्या माणसाला आपण तोंडाचा तोबरा भरलाय म्हणतो, ते इथूनच आलं.) चारा म्हणजे ज्वारीचा कडबा, हरळी, माळावरचं मारवेल. चंदीत हरभरा आणि मुख्य म्हणजे हुलगे. हुलग्याला कोकणात कुळीथ म्हणतात आणि इंग्रजीत तर त्याचं नावच घोड्यावरून पडलंय. कमी पावसाच्या मुरमाड रानात येणारं हे कडधान्य. शंभर ग्रॅममध्ये वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं, शिवाय भरपूर चोथा. कच्च्या हुलग्यात प्रथिनं पचू न देणारे काही घटक असतात. भिजवून शिजवल्यावर ते बरेच कमी होतात. म्हणून चंदीचे हुलगे शिजवून देत.

गंमत अशी, की धनी आणि घोडा एकाच कणगीतलं खात होते. आपल्याकडचं हुलग्याचं माडगं आणि शेंगोळे तोबऱ्यातल्या त्याच दाण्याचे. ज्वारीचं कणीस माणसाला, ताट घोड्याला. थोरले बाजीराव घोड्यावरच कणसं चोळून दाणे खात, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी असो, त्या फौजेचा आहार ती नेमका सांगते. (जाता जाता: हुलग्याचं पाणी पिऊन मुतखडा विरघळतो का, हे मला दर उन्हाळ्यात विचारलं जातं. लहान खडे पुरेसं पाणी प्यायल्यावर आपसूक पडतात, श्रेय हुलग्याला मिळतं. माडगं जरूर प्या. पण कळा येत असतील, ताप असेल किंवा लघवी अडली असेल, तर माडग्यावर विसंबू नका.)

घोड्याच्या आहाराबद्दल मराठीतला सगळ्यात सुंदर दस्तऐवज कोणता, असं मला विचाराल तर मी शिवाजी महाराजांचं १६७०च्या दशकातलं एक पत्र सांगेन. चिपळूणकडे छावणीला असलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेलं आहे. त्याचा आशय असा: पावसाळाभर पुरेल असा दाणा आणि वैरण साठवली आहे. आज आहे म्हणून मनाला येईल तशी उधळाल, तर ऐन पावसात काही उरणार नाही, उपास पडतील, घोडी मरायला लागतील आणि मग ती घोडी तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही रयतेकडून ओरबाडायला लागाल. पुढे गवताच्या गंजीजवळ आगीची काळजी घ्या, पेटत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, इतक्या बारकाईची सूचना आहे. आम्ही डॉक्टर ज्याला 'डाएट चार्ट' म्हणतो त्यात इतका विचार क्वचितच असतो. रोजचं माप किती, ते किती दिवस पुरवायचं, आणि चुकलं तर भोगणार कोण, हे सगळं एका कागदावर. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे, त्यात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आहे. म्हणजे पाणी आणि पाय. या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र माणूस ठेवणारी ही व्यवस्था होती.

आता त्या पापुद्र्यांकडे येतो.

घोड्यांना एक जुना आजार होतो. चांगलं खाऊन माजलेलं जनावर एका सकाळी पाऊल उचलेनासं होतं. पुढचे पाय लांब टाकून, मागच्या पायांवर भार घेऊन उभं राहतं, खूर हाताला गरम लागतो. प्राचीन ग्रीक लोक याला 'जवाचा रोग' म्हणत, कारण जव जास्त खाल्ल्यावर तो होतो हे त्यांनी पाहिलं होतं. आज त्याला लॅमिनायटिस म्हणतात. खुरातले पापुद्रे सुजून एकमेकांपासून सुटतात. जास्तच बिघडलं तर आतलं हाड वजनाने खाली फिरतं आणि घोडं कायमचं निकामी होतं. बराच काळ याचा दोष आतड्यातल्या आंबण्याला दिला गेला, आणि काही घोड्यांत तो खराही आहे. पण २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी, सडपातळ टट्टूंच्या रक्तात त्यांनी इन्सुलिन सतत चढं ठेवलं आणि साखर मात्र नेहमीइतकीच राखली. तीन दिवसांच्या आत त्या टट्टूंच्या पायांना लॅमिनायटिस झाला. धान्याचा अतिरेक नाही, आंबणं नाही, साखरही वाढलेली नाही. नुसतं इन्सुलिन.

आणि हे सगळ्यात जास्त कुणाला होतं? उंची, डौलदार शर्यतीच्या घोड्यांपेक्षा टट्टू जातींना. ज्यांचे पूर्वज डोंगरावर, माळावर, दुष्काळी मुलखात वाढले त्यांना. मूठभर चाऱ्यावर अंग धरून ठेवायची त्यांच्या शरीराला सवय आहे. अशा जनावराला हिरव्यागार कुरणात मोकळं सोडलं, वर धान्य दिलं आणि काम बंद केलं, की मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळे चढतात, इन्सुलिन वाढतं आणि पाय जातात. दुष्काळात जे शहाणपण होतं, तेच सुकाळात अंगाशी येतं.

आपल्या तालुक्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास नेमका हाच आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने पूर्व पुणे जिल्हा होरपळून निघाला. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, त्याला पाणी भाटघरचं. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं, साखर कारखाना आला. पुढे बारामतीत सहकारी कारखाने झाले. तरी कालव्यापासून लांबच्या गावांना १९७२ चा दुष्काळ चुकला नाही. त्या वर्षी खाल्लेली लाल मिलो आणि सुकडी आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडून मी कितीदा ऐकली आहे. मग १९८०ला उजनी झालं, भीमेचं पाणी इंदापूरच्या शिवारात पसरलं. आज या भागात उसात उभं राहिलं तर पलीकडचा माणूस दिसत नाही. एवढं पाणी यायला शंभर वर्षं लागली. शरीर शंभर वर्षांत बदलत नसतं.

माणसाच्या बाबतीत हा विचार पहिल्यांदा जेम्स नील यांनी १९६२ साली मांडला. दुष्काळात टिकणारी जनुकं सुकाळात मधुमेह देतात, असं त्यांचं म्हणणं. त्यावर आजही वाद आहे. १९९२ साली हेल्स आणि बार्कर या दोघांनी सांगितलं, की जनुकांपेक्षा आईच्या पोटातली उपासमार जास्त महत्त्वाची. पोटात असताना कमी मिळालेलं बाळ आयुष्यभर काटकसरीनेच वागतं. आणि याचा मोठा पुरावा मिळाला तो आपल्या जिल्ह्यातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आठशे ग्रॅमचा फरक. पण कमी काय होतं? स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी मात्र त्या मानाने जवळपास टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. याज्ञिकांनी पुढे स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. "मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे आकडे सांगतो.

तर आजोबांचा गूळ. आजोबा गूळ खात होते हे खरं, पण सोबत बाजरी-ज्वारी, हुलगे, मटकी खात होते, पहाटे मोट धरत होते, बाजाराला चालत जात होते आणि वर्षातले दोन-तीन महिने अर्धपोटी असत. गुळाचा खडा ही त्या दिवसाची चैन होती. नातवाकडे गूळ आहे, साखर आहे, चहा सहा वेळा आहे, आणि शेतात जायला मोटारसायकल आहे. शरीर मात्र आजोबांचंच. आणि हेही सांगायला हवं, की आजोबांची शुगर कधी तपासलीच गेली नव्हती.

घोडा आणि माणूस यांत एक मोठा फरक आहे, तो नीट समजून घ्या. घोड्याचं स्वादुपिंड इन्सुलिन तयार करत राहतं, सहसा थकत नाही. त्यामुळे त्याला आपल्यासारखा मधुमेह क्वचित होतो आणि नुकसान वाढलेल्या इन्सुलिनमुळेच होतं. आपलं स्वादुपिंड काही वर्षं जास्त काम करतं आणि मग दमतं, तेव्हा साखर चढते. म्हणून आम्ही देत असलेल्या इन्सुलिनच्या इंजेक्शनला घाबरून ते बंद करू नका. तुमचा पाय जातो तो वाढलेल्या साखरेने बधिर झालेल्या नसांमुळे आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे. वाट वेगळी आहे, पण शेवट दोघांचाही पायाशीच होतो.

भीमथडीच्या तट्टाचं पुढे काय झालं? १८१८ मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या, पागा रिकाम्या झाल्या. इंग्रजांच्या घोडदळाला उंच घोडी हवी होती, ती ते ऑस्ट्रेलियातून आणत. पुढे मोटार आली. ही जात कागदावर जवळजवळ पुसली गेली. ती टिकवली धनगरांनी, कुणाचं अनुदान न घेता. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे आणि पावसाळ्याआधी देशावर परतणारे वाडे तुम्ही पाहिले असतील. पुढे मेंढरं, मागे घोड्यांवर सगळं बिऱ्हाड: जाळी, भांडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, कधी लहान पोर. ही घोडी दिवसभर चालतात, वाटेवरचं गवत खातात, ऊसतोड चालू असेल तर थोडं वाढं मिळतं. चंदी त्यांच्या नशिबी नाही आणि कदाचित म्हणूनच पाय शाबूत आहेत. बारामतीतल्या काही घोडेप्रेमींनी या जातीच्या वेगळेपणाचा पाठपुरावा केला, जनुकीय तपासण्या झाल्या, आणि राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला देशातली घोड्याची आठवी जात म्हणून मान्यता दिली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी यांच्या पंक्तीत आता आपलं नाव आहे. कुणी ही घोडी हौसेने पाळायला घेणार असेल तर माझी एकच विनंती: प्रेमापोटी त्याला गूळ, चपात्या आणि पेंड यांवर ठेवू नका. चारा द्या आणि चालवा. बाकीचं पशुवैद्यक सांगतील.

आणि तुमच्यासाठी नालबंदाकडून घेण्यासारखी एक सवय. चांगला नालबंद घोड्याला हात लावायच्या आधी त्याला चालताना बघतो. मग एकेक पाय उचलतो, तळ खरवडतो, भेगा बघतो, खुराला हात लावून गरम आहे का ते पाहतो, वास घेतो. चारही पाय, दर वेळी. शुगरच्या पेशंटने हेच रोज रात्री दोन पायांसाठी करायचं. खाली वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून तळपाय बघा, किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. बोटांच्या बेचक्यात ओल, भेग, रंग बदललेला भाग, फोड. पाय गरम पाण्यात बुडवण्याआधी पाणी कोपराने तपासा, बधिर पावलाला चटका कळत नाही. उसाच्या रानात अनवाणी जाऊ नका. तोडणी झालेल्या रानातलं धसकट तळव्यात घुसून दोन दिवस तसंच राहिलेले पेशंट आमच्याकडे दर हंगामात येतात, कारण ते घुसल्याचं त्यांना कळलेलंच नसतं. असं काही दिसलं तर हळद भरून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी या. आणि वर्षातून एकदा तपासणीला याल तेव्हा चप्पल-मोजे काढायला लाजू नका. मी रिपोर्ट नंतर बघतो, पाय आधी बघतो.